मंजूर असलेला तास वेळापत्रकात आणा

प्रति,
छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदांचे मुख्य कार्यकारी अधिकारी, शिक्षणाधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांस,

महोदय, महोदया,

शाळा उघडायला आठ दिवस उरलेत. या आठवड्यात गावोगावचे मुख्याध्यापक वेळापत्रकाचा तक्ता आखायला बसतात. गणिताला किती तास, इंग्रजीला किती, वर्गशिक्षक कोण. तो तक्ता एकदा भिंतीवर चिकटला की वर्षभर हलत नाही, म्हणून शालेय आरोग्य कार्यक्रमाच्या आठवडी तासासाठी हे पत्र आत्ताच लिहितो आहोत. आम्ही या आठ जिल्ह्यांत सहावी ते बारावीच्या मुलामुलींबरोबर काम करणारे शिक्षक, समुपदेशक आणि आरोग्यसेविका. लेकराचं काही बिनसलं की फोन आमच्यापैकीच कुणाला तरी येतो, आणि बहुतेक वेळा तो उशिरा येतो.

आमची मोठी मागणी एकच आहे, आणि ती नवी नाही. आयुष्मान भारत योजनेतला शालेय आरोग्य कार्यक्रम फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाला. प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून तयार करायचे आणि त्यांनी आठवड्यातून एक तास घ्यायचा, असं त्यात ठरलं आहे. विषय अकरा. भावनिक स्वास्थ्य, आपसातले नातेसंबंध, स्त्री-पुरुष समानता, व्यसनांपासून बचाव, इंटरनेटचा सुरक्षित वापर हे त्यातलेच. म्हणजे तास मंजूर आहे, विषयही ठरलेले आहेत. वेळापत्रकात मात्र तो सापडत नाही. सापडलाच तर त्या चौकटीत ‘जादा गणित’ लिहिलेलं असतं. आणि आरोग्यदूत झालेले सर बहुतेकदा तेच, ज्यांच्याकडे पोषण आहाराचं रजिस्टर, यूडायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती आणि मतदार यादी आधीपासूनच आहे.

कागदांची वानवा नाही. १० ते १९ वयासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे. रुग्णालयांच्या दारांवर किशोरवयीनांसाठीच्या ‘मैत्री’ क्लिनिकच्या पाट्या आहेत. शाळांतल्या मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समित्या मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने झाल्या, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तक्रारपेटीसकट त्यांची पुन्हा आठवण करून देण्यात आली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यावं, आणि कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण वर्षातून दोनदा व्हावं. पण संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला पदं मंजूर करण्याच्या, निकषांत समुपदेशक नावाचं पदच नाही. त्या पदाचं घोडं मुंबईत अडणार, हे आम्हालाही कळतं. तासाचं घोडं मात्र तुमच्याच दारात अडलेलं आहे, आणि ते सोडवायला मंत्रालयात जावं लागत नाही.

‘हे वयच तसं असतं’ असं म्हणून हा विषय बाजूला सारला जातो. वय तसं असतं हे खरं, पण ते कसं असतं हे नीट पाहिलं पाहिजे. वयात येताना मेंदूतला भावनांचा आणि बक्षिसाच्या ओढीचा भाग जोरात कामाला लागतो. ‘थांब, विचार कर’ म्हणणारा कपाळामागचा भाग पक्का व्हायला पंचविशी उजाडते. मधली दहा-बारा वर्षं बैल तरणे आणि कासरा कच्चा. एकटं असताना शहाण्यासारखं वागणारं पोरगं चार दोस्त बघताहेत म्हटल्यावर गाडी दामटतं. प्रयोगांतही हेच दिसलं आहे की जोडीचे बघत असले की किशोरवयीन मुलं जास्त धोका पत्करतात, मोठ्या माणसांना मात्र त्याने फारसा फरक पडत नाही. म्हणून ‘संगत सोड’ हा उपदेश वाया जातो. संगत करणं हेच तर या वयाचं काम. आई-बापापासून थोडं सरकून जोडीच्यांत आपली जागा शोधायची, नकार पचवायचा, भांडण करून ते मिटवायचं, चारचौघांत लाज वाटली तरी टिकून राहायचं. हे शिकवायला शाळेत कुणी नसेल तर पोरं रील बघून शिकतात.

जाता जाता झोपेविषयी. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने ठरवलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत. लहानग्यांसाठी चांगलंच झालं. पण शरीराच्या घड्याळाला विचाराल तर सकाळची सवलत सगळ्यात जास्त लागते ती आठवी-दहावीच्या मुलांना. वयात येताना झोपेचं संप्रेरक रात्री उशिरा पाझरू लागतं, झोप तास-दोन तास पुढे सरकते, गरज मात्र आठ ते दहा तासांचीच राहते. दहावीच्या जादा तासाला सकाळी साडेसहाला पोचायचं म्हणून वस्तीवरचं पोरगं पाचला उठतं, मग दिवसभर चिडतं. मुलींच्या बाबतीत रक्त कमी असण्याचाही भाग असतो. ‘आळशी’ असा शेरा मारण्याआधी आठवड्याची लोहाची निळी गोळी खरोखर पोटात गेली की दप्तरात राहिली, एवढं तरी बघावं.

आता तासाविषयी. तास म्हणजे व्याख्यान नव्हे. हॉलमध्ये दोनशे मुलं बसवायची, पाहुण्यांना शाल-श्रीफळ द्यायचं, ‘तणावमुक्त परीक्षा’ ऐकवायची आणि फोटो अहवालाला जोडायचा, याने मुलाच्या वागण्यात तसूभर फरक पडत नाही. राग आवरणं विहिरीतल्या पोहण्यासारखं आहे, काठावर बसून ऐकल्याने ते येत नाही.

चालतो तो तास असा असतो. मुलं वीस-पंचवीस. वर्ग साठचा असेल तर दोन गट, दोन शिक्षक, दोन खोल्या. दुसरी खोली नसेल तर एक आड एक आठवडा. बाकं भिंतीला, सतरंजीवर गोल, शिक्षकही खालीच. पहिली पाच मिनिटं मनाची हजेरी: आज कसं वाटतंय याचा एक ते पाचपैकी आकडा प्रत्येकाने सांगायचा, नको वाटलं तर ‘पुढे’ म्हणायचं, आणि सरांनी स्वतःचाही आकडा सांगायचा. मग एक प्रसंग, खरं नाव कुणाचंच न घेता. मैत्रिणीने न विचारता फोटो स्टेटसला टाकला. बसमध्ये कुणी तरी रोज मुद्दाम शेजारी उभं राहतं. दोस्तांनी पुडी पुढे केली. तीन मिनिटं जोडीत बोलायचं, मग दोन-तीन जोड्यांनी ते करून दाखवायचं, मग भूमिका बदलायच्या. बोलायला तीन वाक्यं पुरतात: काय झालं, मला काय वाटलं, मला काय हवंय. ‘तू नेहमीच असं करतोस’ हे त्यात येऊ द्यायचं नाही, कारण तिथेच भांडण पेटतं. शेवटची पाच मिनिटं चिठ्ठीची. प्रत्येकाने चिठ्ठी टाकायचीच, सांगण्यासारखं नसेल तर ‘काही नाही’ लिहून टाकायची. सगळ्यांच्याच चिठ्ठ्या पडल्या की कुणी खरोखर काही लिहिलं हे शेजाऱ्याला कळत नाही.

पहिले चार आठवडे अवघड विषयाला हात घालू नये. नियम ठरवावेत, खेळ घ्यावेत, आणि भावनांची नावं शिकवावीत. हे ऐकायला पोरखेळ वाटेल, पण आजच्या मुलाकडे सगळ्याला मिळून ‘टेन्शन’ हा एकच शब्द उरलाय. हुरहूर, रुखरुख, हेवा, चीड, धास्ती, ओशाळणं, कानकोंडं होणं, हे सगळं त्या एका शब्दाखाली गाडलं गेलंय. हेवा वाटतोय की धास्ती, हे ज्याला सांगता येतं त्याला पुढे काय करायचं हेही थोडं सुचतं. शरीराचे विषय आधी मुलामुलींना वेगवेगळे बसवून घ्यावेत आणि दोन-तीन तासांनी तेच एकत्र घ्यावेत. पाळी म्हणजे काय हे मुलांना कळलं की मुलींच्या स्कर्टवरच्या डागाची थट्टा कमी होते, हे अनेक शाळांतून पाहिलेलं आहे.

हा तास शाळा सुटताना ठेवू नका. मानव विकास कार्यक्रमाची मुलींसाठीची निळी बस कुणासाठी थांबत नाही आणि वाड्यावस्त्यांच्या मुली आधी उठून जातात. आठवडी बाजाराच्या दिवशी आणि शनिवारीही नको, हजेरी नसते. मधल्या वारातला तिसरा किंवा चौथा तास धरावा आणि वर्षभर तोच शिक्षक ठेवावा.

तास बिघडतो तो बहुतेकदा आपल्या मोठ्यांच्या तोंडामुळे. मुलगा बोलायला लागला की सर लगेच उपाय सांगतात. मुलगी रडली की बाई तिला उभं करून विचारतात. आणि त्या तासात ऐकलेलं वाक्य पुढच्या आठवड्यात टोमणा म्हणून वापरलं की वर्ग मिटतो, तो मार्चपर्यंत उघडत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते गोष्ट फुटल्याने, आणि त्याची किंमत आपल्याकडे मुलगी मोजते. वहीत चिठ्ठी सापडली, स्टाफरूममध्ये चर्चा झाली, कुणी तरी ‘तुमच्या भल्यासाठी सांगतो’ म्हणून बापाला फोन लावला. दोन दिवसांत मोबाइल काढून घेतला जातो, आठवड्यात शाळा बंद होते, मग मामा स्थळ घेऊन येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात सुमारे २२ टक्के होत्या, बीडमध्ये ४४ च्या आसपास आणि परभणीत ४८. ही सगळी लग्नं चिठ्ठ्यांमुळे झाली असं कुणीच म्हणणार नाही. कोरडवाहू शेती, हुंडा आणि ऊसतोडीला नवरा-बायकोने जोडीने कोयता लावला तर मिळणारी उचल (आगाऊ रक्कम) ही मोठी कारणं आहेत. पण ‘पोरीचं नाव निघालं’ ही धास्ती त्यात तेल ओतते, आणि ते तेल पुष्कळदा शाळेतून जातं.

म्हणून गुपित कुठपर्यंत राखणार हे पहिल्याच तासाला मुलांना सांगितलं पाहिजे. कुणी स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करू पाहत असेल, कुणावर अत्याचार होत असेल, किंवा दुसऱ्या कुणाचा जीव धोक्यात असेल, तर मी गप्प बसणार नाही, आणि कुणाला सांगणार हे आधी तुलाच सांगेन. बाकी सगळं इथेच राहील. अत्याचाराच्या बाबतीत तर पर्याय नाहीच. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावं लागतं आणि न कळवणं हा गुन्हा आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलीला कुणी आवडणं हा काही गुन्हा नव्हे. हे दोन्ही एकाच डब्यात टाकल्यामुळे शिक्षक एक तर सगळंच घरी सांगतात, नाही तर ‘माझ्या कानावर काही आलंच नाही’ म्हणून मोकळे होतात. लग्न ठरल्याचं कळलं तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, गावात ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे. पण कळवणाऱ्याचं नाव चावडीवर पोचणार असेल तर पुढच्या खेपेला कोण कळवेल?

तक्रारपेटीचंही तेच. मुख्याध्यापकांच्या दारासमोर, कॅमेऱ्याच्या नजरेत, किल्ली त्यांच्याच खिशात. मग वर्षभरात पेटीत बिस्किटाचे कागद निघाले तर नवल काय? मुलं ये-जा करतात अशा वाटेवर ती हवी, आणि दर आठवड्याला सखी सावित्री समितीतल्या बाईंनी शाळेबाहेरच्या एका सदस्यासमोर उघडायला हवी.

मुलग्यांविषयी तर कुणी बोलतच नाही. त्यांचं दुःख रागासारखं दिसतं, म्हणून त्यांना शिक्षा मिळते. आवाज फुटतो, मिशीची तुलना सुरू होते, तंबाखू मळणारा मोठा वाटतो. अलीकडे जातीच्या स्टेटसवरून नववी-दहावीतली पोरं एकमेकांना गाठून मारताहेत. तालुक्याला मोर्चा निघाला की त्या आठवड्यात वर्गातली बसण्याची जागा बदलते, आणि हे शिक्षकांना दिसत असूनही कुणी विषय काढत नाही. तसंच शेतकरी बाप गेलेल्या घरातला थोरला. पंधराव्या वर्षी तो कर्ता होतो, बँकेत जातो, बहिणीच्या लग्नाचं बोलतो, आणि शाळा कौतुकाने म्हणते, ‘पोरगं फार समजूतदार झालं.’ लक्ष ठेवायला हवं ते याच पोरावर. त्याला रडायला सवड मिळालेली नाही.

ऊसतोडीच्या गावांचा हिशेब निराळा. दिवाळीच्या मागेपुढे वर्ग निम्मे होतात. तेरा वर्षांची मुलगी आई-बापाबरोबर कोपीवर (तोडीच्या झोपडीत) जाते नाही तर गावात राहून आजीच्या देखत भावंडांची आई होते. हंगामी वसतिगृहात दोन वेळचं जेवण मिळतं, पण वर्ष फुटल्यावर मैत्रीचं काय? ती मुलं परत येतात तेव्हा वर्गात त्यांची जागा गेलेली असते. आल्या आल्या चाचणी न घेता त्या आठवड्यात गट पुन्हा बांधावेत. आणि वसतिगृहात आई-बापाशी बोलायची वेळ ठरलेली असावी, आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं, त्याच वारी. फोन कधी येईल हे माहीत असलेलं मूल झोपतं.

लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरच्या शिकवण्यांविषयी थोडक्यात. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या सूचनांनुसार सोळाच्या आतल्या मुलांना प्रवेश नाही आणि दिवसाला पाच तासांवर वर्ग नाहीत. न्यायालय म्हणतं, गुणांवरून बॅच वेगळ्या करू नका, चारचौघांत अपमान करू नका. हे तपासायला फार खटपट लागत नाही, बॅचच्या याद्या आणि चाचणीचे तक्ते मागवले तरी दिसेल. वसतिगृहात जपायचे दिवस ठरलेले असतात: आल्यावरचे पहिले तीन आठवडे, पहिली चाचणी, सणाहून परत आल्यावरचे दिवस, निकाल. मूल जेवण टाकू लागलं, आवडती वस्तू वाटू लागलं, निरोपाचं बोलू लागलं, तर सरळ विचारावं, ‘जीव नकोसा झालाय का?’ विचारल्याने डोक्यात नसलेलं येत नाही, उलट ओझं उतरतं. हो म्हणालं तर त्याला एकटं सोडू नये, १४४१६ वर फोन लावावा (टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून रात्रंदिवस चालू आहे, मराठीत बोलता येतं) आणि डॉक्टरकडे न्यावं. घरी असेल तर फवारणीची औषधं कुलपात गेली पाहिजेत, त्याच दिवशी.

तेव्हा आमचं मागणं असं.

३० जूनच्या आत प्रत्येक शाळेच्या भिंतीवरच्या वेळापत्रकात हा तास वारासकट लिहिलेला असावा, आणि केंद्रप्रमुखांनी भेटीत तो चालताना पाहावा. आरोग्यदूत शिक्षकांचं किमान एक अशैक्षणिक काम काढून दुसऱ्याकडे द्यावं. नाही तर तास परत गणिताला जाणार, हे आम्ही आजच सांगून ठेवतो.

प्रशिक्षण वर्षातून दोनदा, समोरासमोर, गट चालवून बघण्याचं. दुपारी मोबाइलवर ऐकलेलं सत्र त्यात मोजू नका.

पदं मंजूर होईपर्यंत जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून तालुक्याला किमान दोन समुपदेशक द्यावेत, एक स्त्री आणि एक पुरुष, आणि कुठल्या शाळेत कुठल्या वारी हे लेखी ठरवावं. ‘गरज पडली तर बोलवा’ हे चालत नाही. बोलवायची वेळ येते तोवर बोलून झालेलं असतं.

‘मैत्री’ क्लिनिकची वेळ सकाळच्या ओपीडीची आहे, तेव्हा मुलं शाळेत असतात. ती बाजाराच्या दिवशी दुपारनंतर करावी, आणि चिठ्ठी फाडायच्या खिडकीवर ‘कशासाठी आलीस’ असं ओरडून विचारणं बंद व्हावं.

तक्रारपेटीची जागा आणि किल्ली, हंगामी वसतिगृहातला फोन, शिकवण्यांच्या बॅच याद्या. यांवर एकेक परिपत्रक पुरे आहे. ती निघाली की वर्तमानपत्रात द्या, म्हणजे पालकांनाही विचारता येईल.

आणि या तासाचा जिओटॅग फोटो मागू नका. फोटोसाठी दार उघडावं लागतं आणि मुलांना चेहरे नीट करावे लागतात. तारीख, वार, हजेरीचा आकडा आणि विषय, एवढ्या चार रकान्यांचा अहवाल आम्ही महिन्याच्या पाच तारखेला देऊ.

आपले,
मराठवाड्यात किशोरवयीन मुलामुलींबरोबर काम करणारे काही शिक्षक, समुपदेशक आणि आरोग्यसेविका